थंड प्रदेशात हार्डी किवीची वेल – कुणी लावली आहे का?

नौपाडा_बाग:
नमस्कार मंडळी. माझी लेक-जावई ओटावाला असतात, बॅरहेवन भागात घर घेतलंय, मागे चांगलं मोठं अंगण आहे पण सगळं नुसतं गवत. मी एप्रिलअखेर तिकडे जातेय, दिवाळीच्या आत परत येईन. यावेळी तिला काहीतरी कायमचं लावून द्यायचंय, दरवर्षी नवीन रोपं आणावी लागणार नाहीत असं. तिच्या शेजारच्या कोरियन बाईंकडे द्राक्षाएवढ्या किवी खाल्ल्या म्हणे, साल गुळगुळीत, न सोलता अख्खी तोंडात टाकायची. त्याला हार्डी किवी किंवा किवीबेरी म्हणतात एवढं कळलं. तिकडे जानेवारीत उणे 30 पर्यंत जातं, त्यात वेल टिकते का? कुठली जात घ्यायची? भिंतीला लावायची की मोकळ्यावर? आणि शेवटचं, हीच वेल मला ठाण्यात गच्चीवर लावता येईल का? कुणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

पाचपाखाडी_लोकल:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ठाण्यात नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

बेलापूरकर_अण्णा:
का नाही? महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते, नाशकात द्राक्षं होतात, हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेलं एचआरएमएन-99 सफरचंद महाराष्ट्रातसुद्धा लोकांनी लावलंय. प्रयत्न न करताच नाही म्हणणं मला पटत नाही.

कळवा_ते_मिनेसोटा:
काकू, मूळचा कळव्याचा, आता मिनियापोलिसच्या जवळ राहतो, आमच्याकडची थंडी ओटावासारखीच किंवा थोडी जास्तच. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या वेली आहेत म्हणून जरा लांबलचक लिहितो.

हार्डी किवी म्हणजे मुख्यतः दोन जाती. एक अ‍ॅक्टिनिडिया अर्गुटा, जपान, कोरिया, उत्तर चीन आणि रशियाच्या पूर्व टोकाकडची. हिवाळ्यात पानं गाळून झोपेत असताना उणे 30 च्या आसपास सहन करते. दुसरी कोलोमिक्टा, ती अजून काटक, उणे 40 पर्यंत. आपण बाजारातून आणतो ती केसाळ किवी वेगळी, ती तिथे एक हिवाळाही काढणार नाही. ओटावासाठी माझं मत कोलोमिक्टाला. कारण नुसती थंडी नाही, दिवस पुरत नाहीत. अर्गुटाला फळ पिकवायला फ्रॉस्ट (पारा शून्याखाली जाऊन हिम धरणं) नसलेले साधारण 150 दिवस लागतात आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतं, तोवर तिकडे पहिली फ्रॉस्ट दारात उभी असते. कोलोमिक्टा ऑगस्टमध्येच तयार. फळ लहान आणि कमी येतं, पण व्हिटॅमिन सी भरपूर आणि चव एकदम जबरदस्त.

आता खरी गोष्ट ऐका. ही वेल जानेवारीत मरत नाही. वेल मार खाते ती एप्रिल-मे मध्ये. दोन-चार ऊबदार दिवस आले की डोळे फुटतात, कोवळे पोपटी फुटवे बाहेर येतात आणि मग एका रात्री पारा उणे 2 ला गेला की सकाळी सगळे फुटवे काळे पडून पालकाच्या उकडलेल्या पानांसारखे लोंबतात. वेल मरत नाही, बाजूच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते, पण त्या वर्षीची फुलं बहुतेक गेली. म्हणून दक्षिणेकडच्या गरम भिंतीला अजिबात लावू नका. सगळे गार्डन सेंटरवाले ऊबदार कोपरा बघा म्हणतात, या वेलीला तो कोपरा नको. उत्तरेचा हलका उतार किंवा पूर्वेची बाजू बघा, म्हणजे वेल उशिरा जागी होईल.

नौपाडा_बाग:
बापरे, हे तर मी बरोब्बर उलट करणार होते! जावई म्हणाले होते दक्षिणेच्या भिंतीला लावू, तिथे बर्फ लवकर वितळतो. खूप खूप आभार. नर-मादी वेगळे असतात असंही कुठेतरी वाचलं, खरं का?

सानपाडा_सुगरण:
नर-मादी वेगळी म्हणजे आपल्या कर्टुलीसारखं का? माझ्या आजोळी पेणजवळ परसात कर्टुलीची वेल होती, वर्षानुवर्षं नुसती फुलायची, कर्टुलं एक नाही. मग मामाने दुसऱ्या वेलीचा कंद आणून लावला तेव्हा लागली.

कळवा_ते_मिनेसोटा:
अगदी तसंच ताई. कर्टुली, पपई, कोकम, जायफळ सगळ्यांचा हाच प्रकार. एक नर सहा ते आठ माद्यांना पुरतो, पण घरच्यासाठी एक नर दोन माद्या भरपूर. नर त्याच जातीचा हवा, कारण कोलोमिक्टा आधी फुलते आणि अर्गुटा नंतर, मिश्र लावलं तर फुलांची गाठच पडत नाही. इस्साई नावाची एक जपानी जात आहे तिला नर लागत नाही, पण ती थंडीला बाकीच्यांपेक्षा नाजूक, ओटावात मी धोका घेणार नाही.

आणि बियांपासून केलेलं रोप घेऊ नका प्लीज. नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही आणि फूल यायला तीन ते पाच वर्षं जातात. मला इथल्या एका रोपवाटिकेने मादी म्हणून दिलेली वेल नर निघाली, कितीतरी उन्हाळे मी तिला जीव लावून वाढवली होती. फांदीपासून केलेलं, जातीचं नाव असलेलं रोपच घ्यायचं.

झिरो_रिटर्न:
बेलापूरकर अण्णा, तुमच्यासाठी थोडं लिहितो. नोकरीनिमित्त अरुणाचलात होतो, आता खारघरला स्थायिक. झिरो खोऱ्यात किवीच्या बागा जवळून बघितल्यात. साधारण 1500 मीटरच्या वर उंची, खाली आपातानी लोकांची भातशेती, त्याच पाण्यात मासे सोडलेले, आणि वरच्या उतारांवर किवी. आज देशात सगळ्यात जास्त किवी अरुणाचलात होते.

ती केसाळ किवी, हार्डी नव्हे, पण तिलासुद्धा थंडी लागतेच. हेवर्ड या मुख्य जातीला 7 अंशांच्या खाली सातशे-आठशे तास काढावे लागतात, तेव्हा कुठे फुलाचे डोळे नीट उघडतात. आपल्याकडे हा प्रयोग झालेला आहे. 1960 च्या सुमारास बंगळूरच्या लालबागेत किवी लावली होती, वेल वाढली, फळ धरलं नाही. मग 1963 साली शिमल्याच्या फागली केंद्रात लावली, तिथे 1969 ला फळं आली. बंगळूर तर ठाण्यापेक्षा किती थंड! ठाण्यात जानेवारीच्या पहाटे पारा 15 ला आला की आपण मफलर काढतो, 7 अंश कुठून आणणार?

महाबळेश्वरचं म्हणाल तर वेण्णा तलावापाशी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात हे खरं, पण त्याच दिवशी दुपारी टी-शर्टवर फिरता येतं. तास साठत नाहीत. आणि स्ट्रॉबेरीची रोपं दर हंगामाला नवी लावतात, तिचा हिशोबच वेगळा.

बेलापूरकर_अण्णा:
लालबागेचं माहीत नव्हतं. मग मुद्दा मान्य. पण मग ते सफरचंद कसं होतं?

झिरो_रिटर्न:
कारण ती जातच कमी थंडी लागणारी म्हणून निवडली गेली. शर्मांचं गाव बिलासपूर जिल्ह्यातलं, सफरचंदाच्या पट्ट्याच्या बरंच खाली, तिथे उन्हाळा आपल्यासारखाच तापतो. त्या कामाला 2025 साली पद्मश्री मिळाली. किवीत कमी थंडीच्या जाती आहेत, पण कमी म्हणजे ठाण्याएवढी कमी नाही.

वाशी_मार्केट_वाला:
मी एपीएमसी फळबाजारात आहे. बागकामातलं कळत नाही पण एक सांगतो, पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की किवीची मागणी अशी वाढते की विचारू नका. तीन नगांचा डबा घ्यायला माणसं रात्री उशिरा दुकानावर येतात, पेशंट हॉस्पिटलमध्ये आहे म्हणून. अशा वेळी भाव चढवून विकणारे बघितले की वाईट वाटतं.

डॉ_वर्तकनगर:
हे लिहायलाच हवं होतं कुणीतरी. किवी खाऊन प्लेटलेट वाढतात याला खात्रीलायक पुरावा नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावर प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप वर येतात, त्याच वेळी घरचे किवी देत असतात, म्हणून श्रेय किवीला जातं. फळ चांगलं आहे, पेशंटला आवडत असेल तर जरूर द्या, पण ज्यांना परवडत नाही त्यांनी उसने पैसे काढून आणू नका. पाणी, ओआरएस, लघवी नीट होतेय ना आणि पोटात दुखतंय का याकडे लक्ष ठेवा. ते जास्त महत्त्वाचं.

सानपाडा_सुगरण:
डॉक्टर, हे माझ्या सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड करतेय.

वाशी_मार्केट_वाला:
डॉक्टरसाहेब बरोबर. आणि एक, कडक किवी मिळाली तर केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा, दोन-तीन दिवसांत मऊ होते. कापून आंबट लागली म्हणून फेकून देतात लोक.

घोडबंदर_गच्ची:
मूळ विषयावर येऊ का? मांडव कसा करायचा ते कुणी लिहिलं नाही. मी टोरांटोला भावाकडे अर्गुटाची वेल बघितली, बाजारातली तयार लाकडी जाळी लावली होती, द्राक्षासाठी असते तशी. वेलीने ती जाळी अक्षरशः जमिनीवर आडवी केली. पिळे मारून खोडच मनगटाएवढं जाड होतं तिचं.

कळवा_ते_मिनेसोटा:
हो, तेच लिहायचं राहिलं. अर्गुटा एका उन्हाळ्यात पाच-सहा मीटर सहज पळते. जुन्या वेलीला 20-25 किलोच्या वर फळ लागतं, शिवाय पानांचं ओझं, पाऊस, वारा. कोलोमिक्टा त्यामानाने समजूतदार, पण मांडव तिलाही पक्काच लागतो. टी आकाराचे खांब करा, उंची साधारण 1.8 मीटर, आडव्या दांडीवर तीन ते पाच जाड तारा ताणून. खांब जमिनीत खोल गेले पाहिजेत, कारण ओटावात जमीन मीटरभराहून जास्त खोल गोठते, वरवर पुरलेला खांब ती उचलून वाकडा करते. जावयांना सांगा वेल आणायच्या आधी खांब.

बॅरहेवन भागात बऱ्याच ठिकाणी लेडा क्ले म्हणतात ती चिकण माती आहे, पाणी धरून ठेवते. किवीची मुळं उथळ असतात आणि साचलेलं पाणी त्यांना अजिबात चालत नाही, मुळं कुजतात. म्हणून खड्डा करून लावू नका, उलट मातीचा उंचवटा करा, कंपोस्ट मिसळा आणि त्यावर लावा. माती किंचित आम्लधर्मी हवी, चुना-राख टाकू नका. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत खोड गोणपाटाने गुंडाळायचं. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन खोडाला दिवसा तापवतं, रात्री उणे 25, आणि साल उभी तडकते. कोवळ्या वेली याच्यामुळे जास्त जातात.

मुलुंड_चेकनाका:
कोकणातला माणूस म्हणेल जमीन गोठते म्हणजे काय ते आधी सांगा :)

नौपाडा_बाग:
लिहून घेतलंय सगळं वहीत. छाटणीचं पण सांगा ना, लेकीला नोकरीतून वेळ कमी.

घोडबंदर_गच्ची:
भाऊ दोनदा करतो. ऐन हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात लांब सुटलेले शेंडे अधूनमधून. हिवाळ्याची छाटणी लांबवायची नाही, मार्च-एप्रिलमध्ये कापलं तर कापलेल्या जागेतून नळ उघडा राहिल्यासारखं पाणी गळत राहतं. घाबरायचं कारण नसतं पण बघून जीव खालीवर होतो.

कळवा_ते_मिनेसोटा:
बरोबर. फळ येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर फुटलेल्या नव्या फुटव्यांना, म्हणून गेल्या वर्षीच्या काड्या थोड्या निवडून ठेवायच्या आणि बाकी निर्दयपणे उडवायच्या. साधारण 70 टक्के कापून टाकायची. इथे आपल्या लोकांचा हात थरथरतो. नराला मात्र हिवाळ्यात हात लावायचा नाही, तो फुलून झाला की लगेच छाटायचा.

ज्यांना वेळ नाही त्यांनी अर्गुटा लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये लेनॉक्सजवळच्या जंगलात बागेतून सुटलेली अर्गुटा मोठमोठ्या झाडांवर चढून त्यांना गुदमरवतेय, लोक जाऊन तोडतात. लावली तर सांभाळायची, नाहीतर शेजारच्या रानावर सोडायची नाही.

उपवन_मांजरप्रेमी:
कोलोमिक्टा आणि मांजर हे कुणी बोललंच नाही! काकू, लेकीकडे किंवा शेजारी मांजर आहे का? या वेलीच्या वासाने मांजरं वेडी होतात, कोवळं खोड चावून मुळापर्यंत उकरून काढतात. या कुळातली सिल्व्हर वाइन जपानमध्ये मांजरांना मुद्दाम देतात, तिला माताताबी म्हणतात. 2021 साली इवाते विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की मांजरं त्या पानांवर अंग घासतात तेव्हा त्यातलं नेपेटालॅक्टोल नावाचं द्रव्य अंगाला लागतं आणि त्याने डास दूर राहतात. म्हणजे मांजरं उगीच लोळत नाहीत.

नौपाडा_बाग:
दोन मांजरं आहेत हो लेकीकडे. अंगणात मोकळी असतात.

उपवन_मांजरप्रेमी:
मग लावल्या दिवसापासून बुंध्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा, तळाशी जमिनीत थोडी पुरून. खोड जाड आणि खरखरीत झालं की मांजरं पूर्वीएवढं काही करत नाहीत. डासांसाठी मात्र यऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मलाच ती वेल अंगाला घासायला हवी होती.

बेलापूरकर_अण्णा:
काकू, येताना एक फांदी बॅगेतून आणा, मी सीवूड्सला लावून बघतो :)

झिरो_रिटर्न:
अण्णा, असं अजिबात करू नका. परदेशातून रोप किंवा फांदी आणायची तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं. किवीचा जिवाणूजन्य कँकर हा रोग अशाच लागवडीच्या मालातून पसरतो, 2010 साली न्यूझीलंडमध्ये तो सापडला आणि पिवळ्या किवीच्या बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. आपल्या हिमाचल-अरुणाचलच्या शेतकऱ्यांच्या वेलींशी खेळ नको.

बेलापूरकर_अण्णा:
चेष्टा करत होतो रे, पण कळलं. नाही आणणार, सांगणारही नाही कुणाला.

सानपाडा_सुगरण:
ठाण्यातल्या गच्चीसाठी काकूंना पॅशन फ्रूट सुचवते. कृष्णकमळाच्याच कुळातलं, आपल्या हवेत मस्त वाढतं, मांडव छोटा चालतो, फळ दीड-दोन वर्षांत. पिवळ्या जातीला परक्या वेलीचे पराग लागतात आणि काम करायला मोठे काळे भुंगे हवेत, ते नसतील तर दुपारी फुलं उमलल्यावर बोटाने पराग लावायचे. सरबत काय सुंदर होतं. नाहीतर कर्टुली, पावसाळ्यात गावदेवी मार्केटबाहेर यऊरच्या बायका घेऊन बसतात, त्यांनाच कंदाचं विचारा, नर आणि मादी दोन्ही देतात सांगून.

नौपाडा_बाग:
पॅशन फ्रूट नक्की. लेकीशी काल बोलले, पूर्वेच्या कुंपणालगत जागा ठरली, दोन मादी एक नर कोलोमिक्टा. फळ तोडायचं कधी ते तेवढं सांगा, हिरवंच राहतं ना पिकल्यावरही?

कळवा_ते_मिनेसोटा:
हो, हिरवंच. रंगावर जाऊ नका, दाबून बघा, किंचित मऊ लागलं आणि बिया कापल्यावर काळ्या दिसल्या की तयार. कोलोमिक्टा पिकली की आपोआप गळते, म्हणून ऑगस्टमध्ये खाली जुनी चादर अंथरायची आणि एक दिवसाआड वेल हलवायची. फ्रिजमध्ये फार टिकत नाही, तिथल्या तिथे खायची.

घोडबंदर_गच्ची:
आणि काकू, नराच्या खोडाला पहिल्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बांधा, त्यावर खिळ्याने नाव कोरून. प्लॅस्टिकची लेबलं त्या थंडीत तुटून पडतात. उन्हाळ्यात मोठ्या कोलोमिक्टाची पानं पांढरी-गुलाबी होतात, नराची जास्त, तेव्हा ओळखता येतं, पण छाटणी करायची तेव्हा सगळ्या सारख्याच उघड्या काड्या असतात. पट्टी सैल बांधा, खोड जाड होतं तशी दरवर्षी एकदा सोडून पुन्हा बांधायची.